१३१६ च्या फ्रेंच वारसा-पेचावर कादंबरी लिहायची असेल, तर सुरुवात टेंपलर या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या संघाच्या शापापासून करावी का?

माझे स्पष्ट मत आहे की करू नये. टेंपलरांचा प्रमुख जाक द मोले याला मार्च १३१४ मध्ये पॅरिसला जिवंत जाळले हे खरे. पण मरताना त्याने राजघराण्याला शाप दिल्याची कथा मागाहून रचली गेली, आणि सगळे शापावर सोपवले की माणसांनी केलेल्या कारस्थानांना वजनच उरत नाही.

त्यापेक्षा ५ जून १३१६ पासून आरंभ करावा. त्या दिवशी फ्रान्सचा राजा लुई दहावा व्हॅन्सेनला वारला. चेंडूच्या खेळानंतर घामाघूम अंगाने तो गार वाइन प्याला, असे सांगतात. विषप्रयोगाचा आळ त्याच्या भावाच्या सासूवर, आर्त्वाच्या काउंटेस माहोवर आला. पुढे ती निर्दोष सुटली. मागे उरली गरोदर राणी क्लेमेन्स आणि पहिल्या राणीची चार वर्षांची मुलगी जोन, जिची आई व्यभिचाराच्या आरोपाखाली कैदेत मेल्यामुळे तिच्या औरसपणाबद्दलच कुजबुज चालू होती. लुईचा भाऊ फिलिप याने राज्याचा कारभार हाती घेतला आणि सारा दरबार राणीचे दिवस भरण्याची वाट पाहू लागला. नोव्हेंबरात मुलगा झाला, त्याचे नाव जाँ ठेवले, आणि पाच दिवसांत तो गेला.

खरी कादंबरी इथे आहे. ९ जानेवारी १३१७ रोजी फिलिपने रॅंसला शहराचे दरवाजे बंद करून राज्याभिषेक उरकला; सख्खा भाऊ चार्ल्सही त्यासाठी थांबला नाही. स्त्रीला फ्रान्सच्या गादीवर हक्क नाही, हे पॅरिसच्या सभेने फेब्रुवारीत, म्हणजे मुकुट डोक्यावर चढल्यानंतर, जाहीर केले. त्यामुळे आपल्या पात्रांच्या तोंडी सॅलिक कायदा, म्हणजे स्त्रियांना वारसा नाकारणारा जुना फ्रँक कायदा, कृपया घालू नका. त्याचा आधार तेव्हा कोणी घेतलाच नव्हता, तो पुष्कळ पुढे शोधून काढला गेला. जोनची बाजू घेणारा तिचा मामा, बर्गंडीचा ड्यूक, १३१८ मध्ये फिलिपचा जावई झाला आणि गप्प बसला.

१३२२ मध्ये फिलिपही मुलीच मागे ठेवून मेला, आणि त्याच्याच नियमाने त्या बाद होऊन गादी चार्ल्सकडे गेली.

निवेदनासाठी मी जोनचीच निवड सुचवेन, कारण सगळे व्यवहार तिच्या हक्कावरून झाले आणि तिला कोणी विचारले नाही. आजीकडून आलेले, पिरेनीज डोंगरांतले नाव्हारचे छोटे राज्य मात्र १३२८ मध्ये, चार्ल्सच्या मृत्यूनंतर, अखेर तिच्याकडे आले.