गधेगाळावरची शिवी खरवडून काढायची का?

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. आमचं गाव अलिबाग तालुक्यात आहे. मी अंगणवाडी सेविका. ग्रामदेवतेच्या देवळाचा जीर्णोद्धार निघाला आहे आणि समितीत बायकांमधून मी एकटीच आहे. देवळामागे तळ्याच्या वाटेवर कमरेएवढा उभा दगड आहे. वर चंद्र-सूर्य, मध्ये झिजलेली अक्षरं आणि खाली गाढव आणि बाई. काय दाखवलंय ते लहान पोरालाही कळतं. आजवर तो शेंदूर फासून, झाडोऱ्यात झाकलेला होता. आता तिथे लादी बसणार, म्हणजे दगड उघडा पडणार. कंत्राटदार म्हणतो, ग्राइंडर मारून खालचं चित्र काढून टाकू, चंद्र-सूर्य राहू देत. समितीला ते पटलंय. माझा पुतण्या कॉलेजात आहे, तो म्हणतो हा इतिहास आहे, हात लावायचा नाही. खरं सांगू का, मलाही तो दगड नकोसा वाटतो. चूक कुणाचीही असो, शिवी बाईलाच का? माझ्या मुलीने विचारलं तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. समितीत काय बोलू, सांगा.

उत्तर : आधी ग्राइंडर थांबवा. बाकीचं सावकाश बोलता येईल, पण दगडावरून एकदा पातं फिरलं की बोलण्यासारखं काही उरत नाही.

तुमच्या देवळामागे आहे तो गधेगाळ. शिलाहार या कोकणातल्या जुन्या राजघराण्याच्या काळापासून पुढे काही शतकं, कोकणात जास्त आणि घाटावरही, राजे आणि त्यांचे अधिकारी जमीन किंवा उत्पन्न दान देताना असे दगड रोवत. चंद्र-सूर्य असेतो दान चालावं म्हणून ते वर कोरायचे. मधल्या लेखात कुणी, कुणाला, काय दिलं ते असतं. खाली धमकी : हे दान जो मोडेल त्याच्या आईवर गाढव चढेल. ज्याला वाचता येत नाही त्यालाही धाक बसावा म्हणून ती चित्रातून सांगितलेली. मुंबईत परळला सापडलेला शिलाहार राजा अपरादित्याचा ११८७ सालचा लेख पाहा. दानाचा मजकूर संस्कृतात आहे आणि शिवीपाशी आल्यावर लेख मराठीत उतरतो. ज्यांना दरडावायचं होतं ती माणसं मराठी बोलत होती ना! मराठीच्या जुन्यात जुन्या कोरीव पुराव्यांत ही ओळ मोजली जाते. ती वाचताना मला अजून संकोच होतो, आणि ती जशीच्या तशी राहिली पाहिजे याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण पुतण्याचं म्हणणं अर्धंच बरोबर आहे. ‘इतिहास आहे’ एवढं म्हणून तुमच्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. शिवी बाईलाच का, हा प्रश्न त्या दगडाला विचारायलाच हवा. दान मोडणारा पुरुष, दान देणारा पुरुष, लेख लिहिणारा आणि कोरणाराही पुरुष, आणि विटंबना मात्र त्या आईची, जिचा या व्यवहाराशी काडीचा संबंध नाही. समितीत कुणी ‘त्या काळी तसंच होतं’ म्हणून विषय मिटवायला लागलं तर मिटवू देऊ नका. आज आपल्या गावात भांडण झालं की पहिली शिवी कुणाच्या आईला जाते, एवढंच विचारा.

मी सगळी नोकरी शिलालेखांचे ठसे घेण्यात घालवली. दगड ब्रशने, पाण्याने स्वच्छ करायचा, त्यावर ओला कागद बसवायचा आणि दाट केसांच्या ब्रशने ठोकत जायचं, म्हणजे कागद प्रत्येक अक्षरात शिरतो. अर्धवट सुकला की वरून शाईचा बोळा फिरवायचा. दगडाची पाठ काळी उमटते आणि कोरलेलं ते पांढरं राहतं. गधेगाळापाशी बसले की गावातली वडीलधारी माणसं म्हणायची, ‘बाई, वरचंच घ्या, खालचं तुम्ही नका बघू.’ त्यांच्या बोलण्यात माया होती, हे मला कळायचं. तरी राग यायचा, कारण जिची विटंबना कोरली आहे तिच्याकडे बघायची मनाई पुन्हा एका बाईलाच.

अशाच एका दगडावर कुणीतरी घण घातलेला होता. हेतू तुमच्या समितीसारखाच, अभद्र दिसू नये. चित्राची ढलपी उडाली आणि तिच्याबरोबर लेखाच्या शेवटच्या ओळीही गेल्या. ठसा काढला तर खाली नुसता गिचमिडा. दानलेखात राजाची बिरुदं सुरुवातीला असतात. गाव, शेताच्या हद्दी, साक्षीदार नंतर येतात. म्हणून तिथे राजाची बिरुदं शाबूत राहिली आणि गावाचं नाव गेलं. वर धर्मशील, दानशूर राजा आणि खाली कोरा दगड! आज तो दगड बघणाऱ्याला वाटेल, केवढा पुण्यवान माणूस. त्याने दान टिकवायला कुणाच्या आईची अब्रू वापरली ते सांगणारं आता तिथे काही नाही. तुमचा कंत्राटदार चंद्र-सूर्य ठेवून चित्र काढणार म्हणतोय, त्यातूनही हेच होईल. शिवी पुसल्याने त्या बाईला न्याय मिळत नाही. शिवी देणारा तेवढा स्वच्छ होतो.

याच प्रश्नावर जगात लोक भांडलेले आहेत, आणि त्यातली एक हकिगत समितीत सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये सांता फे नावाचं शहर आहे. तिथल्या मुख्य चौकात १८६८ साली एक दगडी स्तंभ उभा केला. त्याच्या एका बाजूवर, ‘रानटी इंडियनां’शी लढताना पडलेल्या वीरांना, असं कोरलेलं होतं. इंडियन म्हणजे तिथले मूळ रहिवासी; प्वेब्लो, नवाहो, अपाची. त्यांची नातवंडं-पतवंडं त्याच चौकात वावरत होती. गावाने शेजारी एक फलक लावला. त्यात म्हटलं होतं की स्मारकांवरचा मजकूर त्या त्या काळाचा स्वभाव दाखवतो, दृष्टिकोन बदलतात, पूर्वग्रह विरघळतील अशी आशा. कुणावर अन्याय झाला, कुणी केला, याबद्दल त्या फलकाने मिठाची गुळणी धरली होती. १९७४ साली एक माणूस कामगाराच्या वेशात दिवसाढवळ्या आला आणि छिन्नीने ‘रानटी’ तेवढा शब्द काढून निघून गेला.

त्या माणसाला मी दोष देणार नाही. ज्यांना रानटी म्हटलं त्यांच्या डोळ्यांसमोर तो शब्द रोज होता, आणि गावाने त्यांच्यासाठी चार सरळ वाक्यं लिहिली नाहीत. पण पुढे काय झालं? शब्द गेला, सन्मान तसाच राहिला. ४६ वर्षं तो खड्डा पडलेला स्तंभ चौकाच्या मधोमध उभा होता, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये निदर्शकांनी दोर लावून तो पाडला. माझ्या मते खरी अडचण त्या शब्दापेक्षा स्तंभाच्या मानाच्या जागेत आणि त्या गुळमुळीत फलकात होती.

आता दिल्ली. तिथे रिज नावाच्या टेकडीवर हिंदुराव रुग्णालयाजवळ लाल दगडाचा उंच मनोरा आहे. १८५७ च्या लढाईत इंग्रजांच्या बाजूने पडलेल्यांसाठी १८६३ साली बांधलेला. त्यावरच्या लेखात आपले लोक ‘शत्रू’ आहेत. स्वातंत्र्यानंतर तो पाडता आला असता, ‘शत्रू’ शब्द खोडणं तर सोपंच होतं. पण १९७२ साली, स्वातंत्र्याला २५ वर्षं झाली तेव्हा, सरकारने तिथे एक फलक बसवला. त्यावर लिहिलंय : या स्मारकावरच्या लेखांतले ‘शत्रू’ म्हणजे परकी सत्तेविरुद्ध उठलेले आणि राष्ट्राच्या मुक्तीसाठी शौर्याने लढलेले लोक. मनोऱ्याला अजितगढ नाव दिलं. जुना शब्द अजून तिथेच आहे आणि त्याला दिलेलं उत्तरही. शाळेतलं पोर दोन्ही वाचू शकतं. सांता फेचा फलक काळाबद्दल बोलला, दिल्लीचा माणसांबद्दल. मला दिल्लीची रीत पटते, आणि तुमच्या गावाला तीच सुचवते.

तुमचा गधेगाळ मुळात सन्मानाचं स्मारक नाही, त्यामुळे तुमचं काम सांता फेपेक्षा सोपं आहे. फक्त त्याला सन्मानाची जागा देऊ नका. देवळाच्या दर्शनी भागात नको, शेंदूर नको, हळदकुंकू नको. काही गावांत गधेगाळाला देव करून टाकलंय, काही ठिकाणी अपशकुनी म्हणून तोंड फिरवून पुरलाय. दोन्हीकडे वाचायचं राहूनच गेलं. लादी बसवताना दगडाभोवती हातभर जागा मोकळी सोडा, सिमेंट अंगाला लागू देऊ नका. शेंदूर स्वतः खरवडू नका, त्याखाली अक्षरं असतील. शक्यतो जागेवरून हलवू नका, कारण दगड जिथे रोवला तिथल्या जमिनीशी दानाचा संबंध असू शकतो. संध्याकाळी ऊन तिरपं पडतं तेव्हा चारी बाजूंनी फोटो काढा, तेव्हा झिजलेली अक्षरंही वर येतात. ते फोटो राज्य पुरातत्त्व विभागाला पाठवा आणि ग्रामसभेत नोंद करून घ्या. शंभर वर्षांवरचा कोरीव लेख कायद्याने पुरावस्तू ठरतो, हे समितीला शांतपणे सांगितलं तरी कंत्राटदार दोन पावलं मागे येईल.

शेजारी फलक लावा. मजकूर असा काहीसा असावा : ‘हा मध्ययुगातला दानलेख आहे. दान मोडणाऱ्याला धाक बसावा म्हणून खालचं चित्र कोरलेलं आहे. त्यात अपराध्याला शिक्षा नाही, त्याच्या आईची विटंबना आहे. पुरुषाला धमकावण्यासाठी बाईची अब्रू वापरण्याची ही रीत अन्यायाची होती. आमचं गाव ती मानत नाही. पुरावा म्हणून हा दगड जपला आहे.’ तज्ज्ञांकडून लेख वाचून झाला की राजाचं नाव आणि साल त्यात घाला. तोवर ‘प्राचीन वारसा’, ‘गौरवशाली परंपरा’ असले शब्द कुणी घुसवू पाहील, ते घेऊ नका.

मुलीलाही हेच सांगा, तिच्या वयाच्या भाषेत. फार पूर्वी एका सत्ताधाऱ्याने लोकांना घाबरवायला एका बाईचा अपमान दगडात कोरला, तो चुकला, आणि आपण ते झाकून न ठेवता सगळ्यांना सांगणार आहोत. तिला चित्र आधीच दिसलंय, आता अर्थही तुमच्याकडून कळू दे.

एक काम मात्र समितीच्या आधी करा. फलकाचा मजकूर हळदीकुंकवाला किंवा बचत गटाच्या बैठकीत गावातल्या बायकांना वाचून दाखवा. त्यांना एखादं वाक्य मवाळ वाटलं तर बदला आणि त्यांच्या सह्यांसकट समितीपुढे ठेवा, म्हणजे तुम्ही तिथे एकट्या राहणार नाही. मसुदा मला पाठवलात तर मीही बघून देईन.