मेच्या पहिल्या आठवड्यात हम्प्टा पास होईल का?

तुम्ही सहाजण नाशिकहून मेच्या पहिल्या आठवड्यात हिमाचलमधल्या मनालीजवळच्या हम्प्टा पास या खिंडीच्या ट्रेकला निघताय, कळसुबाई-हरिहर झालेत, बर्फ असला तरी जमेल का, असं विचारलंय. सुट्टीच्या तारखा बदलता येत नसतील तर हम्प्टा सोडा. हम्प्टाच करायचा असेल तर जून उजाडू द्या.

पास साधारण ४,२७० मीटरवर आहे, म्हणजे कळसुबाईच्या अडीचपट उंच. पश्चिमी चक्रावातांमुळे, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवेमुळे, तिकडे मार्च-एप्रिलपर्यंत बर्फ पडत राहतो. मेमध्ये मनालीत ऊन असतं, पण बालू का घेरा या खिंडीखालच्या मुक्कामाच्या वरची वाट गाडलेलीच सापडण्याची शक्यता जास्त. पलीकडे शिया गोरू या पुढच्या मुक्कामाकडचा उतार तर चांगलाच तीव्र आहे. तो उतरून ट्रेक संपतो त्या छत्रूला पोहोचलात तरी तिथला रस्ता बर्फ काढून खुला झालेला नसेल, तर न्यायला गाडी येणार कुठून? मनालीहून लाहौलला नेणारा अटल बोगदा बारमाही असला तरी छत्रूचा रस्ता वेगळा, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षातच येत नाही.

हरिहरचं म्हणाल तर तिथे कातळात कोरलेल्या खोबणीत हात-पाय घट्ट बसतात. बर्फाच्या तिरक्या उतारावर ती खोबण आपल्यालाच बुटाने पाडावी लागते, आणि पाय सुटला तर खालपर्यंत अडवायला काही नसतं. दम आहे म्हणून हे जमतं असं नाही.

तुमच्या तारखांना उत्तराखंडमधला हर की दून बरा. साधारण ३,५०० मीटर, वाट दरीतून जाणारी, बर्फ लागला तर बहुधा वरच्या टोकाला आणि सावलीतल्या नाळांमध्ये, म्हणजे अरुंद घळींमध्ये. उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांवर तो उशिरापर्यंत टिकतो, म्हणून नुसती उंची पाहून ठरवू नका. सेंटिनेल-२ या उपग्रहांची छायाचित्रं इंटरनेटवर फुकट मिळतात, दर पाचेक दिवसांनी नवीन. ढग नसले तर बर्फाची रेषा स्पष्ट दिसते. शिवाय हा ट्रेक सुरू होतो त्या सांक्री गावातल्या गाइडला फोन करा. कंपनीच्या जाहिरातीतला फोटो कोणत्या महिन्यातला आहे कोण जाणे!

चालायला पहाटे निघा. सकाळी बर्फ कडक असतो, दुपारी गुडघ्यापर्यंत पाय रुततो. ओढ्यावर साचलेला बर्फाचा पूल दुपारी तर अजिबात ओलांडू नका, खालून पाणी त्याला पोखरत असतं. काळा चष्मा प्रत्येकाकडे हवाच. मायक्रोस्पाइक, म्हणजे बुटावर चढवायचे छोटे खिळे, भाड्याने घ्या, पण ते सौम्य उतारापुरते.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं, म्हणजे तुम्हाला मार्चच्या सुरुवातीलाच तिकीट काढावं लागेल. तेव्हा मेमधल्या बर्फाचं काहीच सांगता येत नाही. म्हणून नाशिकरोड ते दिल्ली एवढंच काढा, पुढे डेहराडूनचं बर्फाचा अंदाज घेऊन एप्रिलअखेरीस ठरवा. परतीच्या तिकिटाआधी एक दिवस मोकळा ठेवा, नाहीतर हवामान बिघडलं तरी गाडी चुकेल म्हणून पुढे रेटायचा मोह होतो.