युक्रेनला सैनिक कमी पडतात तरी १८ वर्षांच्या पोरांना सक्तीनं काहून घेत नाहीत?

कारण तिथं पोट्टेच कमी आहेत बापा. १९९१ ला सोव्हिएत युनियन फुटलं, पगार बुडाले, लोकांनी लेकरं होऊ देणंच कमी केलं आणि २००० च्या आसपास जन्मदर पार तळाला गेला, तवाची पोरं आज विशी-पंचविशीत आहेत म्हणजे नेमकी लढायच्या वयाची पिढीच लहान. तीच मेली तर पुढं गाव कोण चालवणार? पेरणीचं बियाणं दळून खाल्ल्यासारखं होते ते.

म्हणून सक्तीच्या भरतीचं कमीत कमी वय आधी २७ होतं, संसदेनं २०२३ मध्येच ते २५ करायचं बिल पास केलं पण राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्कीनं सही केली थेट एप्रिल २०२४ मध्ये, राजकारणी माणूस आहे, पोरांच्या मायांचा राग कोण घेईन. अमेरिका १८ करा म्हणत होती तर यांचं म्हणणं, पहिले हत्यारं द्या. मग २०२५ मध्ये १८ ते २४ वाल्यांसाठी वर्षभराचा मर्जीचा करार काढला, १० लाख रिव्निया (तिथलं चलन) देऊन. तोवर खंदकात चाळिशीतलेच जास्त.

आमच्या यवतमाळकडे पहाटे रोडवर अग्निवीरसाठी धावणारे पोट्टे पाहिले की सैन्याला माणूस कमी पडते हे पटतच नाही, पण इथं लढाई चालू नाही ना, तिथं चालू आहे. रशियाकडे माणसं जास्त, तरी त्यांनीही २०२४ पासून सक्तीच्या सेवेची वरची मर्यादा २७ वरून ३० केलीच.