ब्रिटिश ओओ (OO) मापाच्या मॉडेल रेल्वेचे रूळ समोरून अरुंद का दिसतात?

कारण ते खरोखरच अरुंद असतात. डबे-इंजिन १:७६.२ प्रमाणात, म्हणजे फुटाला ४ मिमी. रूळ मात्र एचओचे (HO, म्हणजे १:८७ प्रमाणाचं मॉडेल), दोन रुळांत अंतर १६.५ मिमी. खऱ्या रुळांतल्या १४३५ मिमी अंतराच्या हिशेबाने ते १८.८३ मिमी हवं. ब्रिटिश इंजिनं अंगाने लहान, १:८७ मध्ये सुरुवातीच्या काळातल्या विजेच्या मोटर मावेनात, म्हणून वरचा भाग मोठा केला आणि रूळ तसेच ठेवले.

उपाय? त्याच प्रमाणाची, पण जास्त रुंद रुळांची मापं: ईएम (१८.२ मिमी) किंवा पी४ (१८.८३ मिमी). पी४ दिसतं अप्रतिम, पण चाकांच्या कडा इतक्या बारीक की रूळ जराही उंचसखल झाला तर गाडी घसरते. सुरुवातीला ओओच ठेवा, फक्त स्लीपर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्या) बदला: खरा साडेआठ फुटी स्लीपर मॉडेलमध्ये ३४ मिमी लांब हवा, एचओचे आखूड आणि दाटीवाटीने बसवलेले असतात. एवढ्यानेही रूळ ब्रिटिश वाटू लागतो. मला तर हा बदल नव्या इंजिनापेक्षा मोलाचा वाटतो.