रहिवासी की अधिवासी?

एका वाचकाचा प्रश्न आहे: 'माझी भाची दोन वर्षं कॅलिफोर्नियात एमएस करते आहे. खोली तिथे, बँकेचं खातं तिथे. तरी विद्यापीठ तिला 'रेसिडेंट' धरत नाही, फी राज्याबाहेरची घेतं. राहते तिथेच, मग रहिवासी कशी नाही? मराठीत यासाठी वेगळा शब्द आहे का?'

आहे. अधिवास.

'रहिवासी' म्हणताना आपण माणूस सध्या कुठे राहतो एवढंच पाहतो. पण नुसतं राहणं पुरत नाही. वस्तीची एसटी रोज रात्री गावात असते, तिला गावची कोण म्हणेल? तिचा डेपो वेगळा. अधिवासात राहण्याच्या जोडीला 'आता हेच माझं घर' हा इरादा लागतो. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया दोन्ही तपासते: वर्षाहून अधिक, म्हणजे किमान ३६६ दिवसांचं सलग वास्तव्य, आणि कायम राहण्याचा इरादा. इरादा दिसतो कशातून? तिथला वाहन परवाना, राज्याचा कर, जुन्या ठिकाणाशी तोडलेले संबंध. भाचीचा एफ-१, म्हणजे विद्यार्थ्यांचा व्हिसा तर मायदेशातलं घर सोडलेलं नाही, याच अटीवर मिळतो. तिची गाडी तिथेच अडते. एच-४ वर, म्हणजे तिथे नोकरीला गेलेल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर, आलेल्या मुलीला ही आडकाठी नाही. काही व्हिसाधारकांच्या अधिवासाचा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातही गेला होता, १९८२ च्या टोल विरुद्ध मोरेनो खटल्यात. त्यांना राज्यातली फी नाकारणारं मेरीलँड विद्यापीठ तिथे हरलं.

संस्कृतात 'वस्' धातूला 'अधि' लागला की ठिकाण सप्तमी सोडून द्वितीयेत जातं: 'वैकुण्ठम् अधिवसति', म्हणजे वैकुंठात राहतो. पाणिनीचं सूत्र आहे, 'उपान्वध्याङ्वसः'. कायद्यातला अर्थ या सूत्रातून आलेला नाही, पण नुसत्या राहण्याहून हे राहणं वेगळं, हे त्या 'अधि'मुळे कानालाही जाणवतं. म्हणून मला हा शब्द फार प्रिय आहे.

आता खरी गुंतागुंत. टेक्ससच्या कायद्यात सरळ 'डोमिसाइल', म्हणजे अधिवासच आहे, पण कॅलिफोर्निया 'रेसिडेंट' म्हणते आणि अर्थ अधिवासाचा घेते. आपल्याकडे नेमकं उलट! तहसीलमधून आपण 'अधिवास प्रमाणपत्र' काढतो, पण पुरावे देतो १५ वर्षांच्या वास्तव्याचे. मनातला इरादा कुणी विचारत नाही. भारतात अधिवास एकच, भारताचा. राज्याचं 'डोमिसाइल' म्हणजे खरं तर रहिवास, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये प्रदीप जैन खटल्यात सांगितलं. २०२५ च्या जानेवारीत वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशांच्या राज्य कोट्यातलं रहिवासावरचं आरक्षण रद्द करतानाही त्याच निकालाचा आधार होता.

तेव्हा भाचीबद्दल 'ती कॅलिफोर्नियात राहते, पण तिथली अधिवासी नाही' असं लिहा. तिच्या फीला मात्र 'अनिवासी शुल्क' म्हणू नका. मराठी वाचकाला लगेच अनिवासी भारतीयांचा कोटा आठवेल. 'राज्याबाहेरच्यांची फी' हे तुमचेच शब्द चांगले आहेत.