नोंदीत येईल असं दे

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. कॉलेजच्या ऑफिसात गेलीस, खिडकीवरच्या क्लार्कने 'काय काम आहे' विचारलं, तुझे सर निवृत्त झालेले, नव्या प्राचार्यांना तू कोण ते ठाऊक नाही, आणि पंचवीस हजार रुपये देण्याची इच्छा तशीच घेऊन तू परत आलीस. आता विचारतेस की पैसे द्यावेत का, कुणाच्या हाती द्यावेत, आणि जिथे कुणी ओळखत नाही तिथे नातं ठेवून करायचं काय.

कॉलेजवर माया असावी हे तुला सांगायला नको. ती नसती तर त्या खिडकीपाशी तुला वाईट वाटलंच नसतं. पण वाईट वाटलं ते चुकीच्या गोष्टीचं. माणसं लक्षात ठेवतील अशी तुझी अपेक्षा होती. प्राचार्यांची नेमणूक पाच वर्षांची असते, फार तर आणखी पाच वर्षांची मुदतवाढ मिळते. प्राध्यापक निवृत्त होतात, बरेच विषय तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाप्रमाणे मानधनावर, आलेले तरुण शिक्षक शिकवतात आणि पुढच्या जूनमध्ये ते दुसरीकडे असतात. अशा ठिकाणी लक्षात राहतं ते फक्त दप्तरात: पावतीपुस्तक, जडसंग्रह नोंदवही (कॉलेजच्या टिकाऊ वस्तूंची वही), ग्रंथालयाची दाखल नोंदवही (आलेल्या पुस्तकांची वही), समितीचं इतिवृत्त. म्हणून माझं एकच सांगणं आहे आणि ते या पत्रात पुन्हा पुन्हा येईल. जे देशील ते नोंदीत येईल असं दे. पैसा, वस्तू, वेळ, काहीही असो. नोंद झाली नाही तर ते कॉलेजला मिळालंच नाही असं समज.

पैशांपासून सुरुवात करते, कारण तुझा जीव तिथेच अडकलाय. आधी चेक कुणाच्या नावाने काढायचा ते ठरव. तीन खाती असू शकतात: कॉलेजचं, कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचं आणि माजी विद्यार्थी संघाचं. ही तीन वेगळी घरं आहेत. संस्थेच्या खात्यात गेलेले पैसे संस्थेच्या दुसऱ्या शाळेच्या छतालाही लागू शकतात, आणि त्यात गैर काही नाही, जर तू हेतू लिहून दिला नसशील. म्हणून चेकसोबत चार ओळींचं पत्र हवंच: रक्कम, कशासाठी, कोणत्या विभागासाठी, आणि रक्कम खर्चायची आहे की कायम ठेवून फक्त व्याज वापरायचं आहे. कायम निधी हवा असेल तर तो शब्द पत्रात असलाच पाहिजे. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घे. पावती त्याच दिवशी माग. तिच्यावर संस्थेचा नोंदणी क्रमांक आणि पॅन आहे का ते बघ, तुझंही पॅन तिच्यावर लिहायला सांग. देणगीवरची आयकराची सवलत, जिला ८०जी म्हणतात, ती घ्यायची असेल तर दोन हजारांच्या वर रोख देऊ नकोस, ती रक्कम सवलतीत धरतच नाहीत. नव्या कररचनेत असशील तर ही सवलत मिळतच नाही, तेव्हा तिच्यावर हिशोब बसवू नकोस. आणि 'माझं नाव कुठे नको' हा मोठेपणा सोड. नाव-पत्ता नसलेल्या देणगीवर शैक्षणिक न्यासाला कर भरायची वेळ येऊ शकते. भिंतीवर नाव नको असेल तर तसं सांग, वहीत मात्र नाव येऊ दे.

परदेशातल्या मैत्रिणींनाही घ्यायचं म्हणतेस, तर त्यांचा पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे ते विचार. भारतीय नागरिकत्व असलेली मुलगी कुठेही राहत असो, स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पैसे पाठवू शकते. जिने परदेशी नागरिकत्व घेतलं, तिचे पैसे ओसीआय कार्ड (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांचं कार्ड) असलं तरी परकीय योगदान धरले जातात. त्यासाठी संस्थेची एफसीआरए, म्हणजे परकीय योगदानाच्या कायद्याखाली नोंदणी लागते आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावे लागतात. 'माझ्या खात्यात टाका, मी पुढे देते' असला शॉर्टकट अजिबात नको. त्यात संस्था अडचणीत येते.

आता पंचवीस हजारांचं काय करायचं? बक्षीस ठेवायचं तुझ्या मनात आहे. व्याजदर साडेसहा टक्के धरला तर वर्षाला सोळाशे पंचवीस रुपये होतात. दहा वर्षांनी त्या रकमेत काय येईल सांग. नावाचं बक्षीस ठेवायचंच असेल तर निदान लाखभर रुपये साठव आणि थोडं व्याज दरवर्षी मुद्दलात टाकायची अट लिहून दे, नाहीतर बक्षीस कागदावर उरतं आणि मुलाच्या हातात फक्त प्रमाणपत्र पडतं. मी तुझ्या जागी असते तर वर्षाला पाच हजार अशी पाच वर्षं दिली असती. बँकेत स्थायी सूचना देऊन ठेवायची, महिना निवडायचा परीक्षेचे फॉर्म भरायच्या आधीचा. फॉर्मची फी भरायला पैसे नाहीत म्हणून वर्ष वाया गेलेली मुलं प्रत्येक कॉलेजात असतात. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरून शिष्यवृत्ती येते, पण फॉर्मची शेवटची तारीख तिच्यासाठी थांबत नाही. पाच हजारांत तीन-चार मुलांचा फॉर्म सुटतो. आणि पाच वर्षांत पाच पावत्या, पाच नोंदी. एकदाच पंचवीस हजार देणारी सत्कारापुरती लक्षात राहते. दरवर्षी देणारी ऑफिसच्या कामाचा भाग होते, क्लार्क बदलला तरी.

वस्तू द्यायच्या असतील तर मला जास्त भीती वाटते. इतक्या चांगल्या मनाने दिलेल्या वस्तू अडगळीच्या खोलीत पाहिल्या आहेत की ती हळहळ जात नाही. तुझा ग्रुप पाण्याचं आरओ मशीन द्या म्हणतोय ना? मशीन लागतं, नारळ फुटतो, फोटो निघतो. त्यातले सेडिमेंट आणि कार्बन फिल्टर साधारण वर्षाच्या आत बदलावे लागतात, मेम्ब्रेन दोन-तीन वर्षांनी. पैसे कोण देणार? मशीन जडसंग्रह नोंदवहीत चढलेलं नसेल तर दुरुस्तीच्या बिलावर लेखापरीक्षक बोट ठेवतो, बिल मंजूर होत नाही आणि मशीन बंद पडतं. म्हणून वस्तूसोबत तीन कागद द्या: खरेदीचं बिल, वॉरंटी कार्ड आणि निदान तीन वर्षांच्या देखभालीच्या कराराचे पैसे भरल्याची पावती. देखभालीचे पैसे जमत नसतील तर मशीनच देऊ नका. कंपनीतून निघालेले जुने कॉम्प्युटर तर मुळीच नकोत. ज्यावर आजचं सॉफ्टवेअर चालत नाही, ते देणं म्हणजे आपला ई-कचरा कॉलेजच्या गळ्यात मारणं.

पुस्तकांचंही तेच. संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवीन शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम आला, तुझी प्रथम वर्षाची पाठ्यपुस्तकं आता बहुतेक कुणालाच उपयोगी नाहीत. ग्रंथपालांकडे जा, कोणत्या पुस्तकाच्या किती प्रती कमी पडतात त्याची यादी माग, तेवढीच घे. आणि पुस्तकाला दाखल क्रमांक पडेपर्यंत पाठपुरावा कर. क्रमांक नसलेलं पुस्तक कॅटलॉगमध्ये दिसत नाही. जे दिसत नाही ते कुणी मागत नाही.

पण तुझ्याकडे पैशापेक्षा मोलाची गोष्ट आहे आणि तिचा तुझ्या पत्रात उल्लेखही नाही, याचा मला थोडा रागच आला. तू नोकरी करतेस. नव्या रचनेत पदवीच्या मुलांना ऑन जॉब ट्रेनिंग आहे, ज्याला सगळे ओजेटी म्हणतात. बहुतेक ठिकाणी त्याला ४ क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, असतात. क्रेडिटला ३० तास, म्हणजे १२० तास प्रत्यक्ष कामाच्या जागी. शेकडो मुलांना जागा कुठून आणायच्या, या विवंचनेत प्रत्येक विभागप्रमुख आहेत. शेवटी मुलं ओळखीच्या दुकानातून शिक्का मारून आणतात. तुझ्या ऑफिसात दरवर्षी दोन मुलांना खरं काम मिळालं, तर ते तुझ्या पंचवीस हजारांपेक्षा कितीतरी मोठं आहे.

मात्र नीट कर. आधी तुझ्या साहेबांची लेखी संमती घे, मेल चालेल. मग विभागप्रमुखांना पत्र पाठव: किती मुलं, कोणत्या महिन्यात, रोज किती तास, कोणतं काम, देखरेख कोण करणार. १२० तास म्हणजे रोज सहा तास धरले तर वीस दिवस. त्या वीस दिवसांचं काम आधीच आठवड्यांत वाटून ठेव. पहिला आठवडा बघणं आणि शिकणं, दुसऱ्यापासून एक छोटं, पुरं होणारं काम त्यांच्या हातात. हे आधी ठरवलं नाही तर मुलं कोपऱ्यात मोबाइल बघत बसतात, ऑफिसातल्या लोकांना अडचण वाटते आणि पुढच्या वर्षी तुझे साहेब नाही म्हणतात. हजेरीपत्रक रोज भर, रोजची सही रोज कर. शेवटच्या दिवशी एकदम वीस सह्या केल्यास तर त्या शाईवरूनच ओळखू येतात. मुलाने रोज दोन ओळी लिहिल्या पाहिजेत, त्यावरूनच त्याचा अहवाल होतो. प्रमाणपत्रावर 'समाधानकारक' एवढंच लिहू नकोस, त्याने काय केलं ते लिही. या सगळ्याची एक प्रत विभागात जाऊ दे. तू उद्या नोकरी बदललीस तरी पुढच्या विभागप्रमुखांना कळेल की या कार्यालयात मुलं जायची.

आणखी एक काम अगदी चुटकीसरशी होण्यासारखं आहे. तुझ्या नेमणूकपत्राची प्रत आणि पुढे शिकली असशील तर प्रवेशाचा पुरावा कॉलेजला पाठव, पगाराचा आकडा झाकून. कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात पाचव्या निकषाखाली विद्यार्थी पुढे काय करतात आणि माजी विद्यार्थ्यांचा सहभाग किती, हे पुराव्यानिशी दाखवावं लागत आलंय. प्राध्यापक त्यासाठी सुटीच्या दिवशी जुन्या मुलांना फोन लावत बसतात आणि मुलं अनोळखी नंबर म्हणून उचलत नाहीत.

तुमच्या बॅचच्या ग्रुपवर सुप्रभातचे संदेश पुरे झाले. एक तक्ता कर: नाव, उत्तीर्ण वर्ष, शाखा, सध्याचं काम, गाव, फोन, आणि माहिती कॉलेजला द्यायला संमती आहे की नाही. संमतीचा रकाना विसरू नकोस. हा तक्ता वर्षातून एकदा, ठरलेल्या महिन्यात, माजी विद्यार्थी संघाच्या समन्वयकांकडे पाठवायचा.

संघाचं विचारलंस. तो नोंदलेला आहे का, हे आधी बघ. नसेल तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात जण लागतात, आणि महाराष्ट्रात त्याबरोबर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदणी होते. दोन्ही कामं धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात. असेल, तर परिशिष्ट एकचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संघाच्या नोंदीचा, ताजा उतारा काढ आणि विश्वस्तांची नावं वाच. पुष्कळ संघांच्या उताऱ्यावर दिवंगत माणसांची नावं असतात, कारण कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत द्यायचा बदल अहवाल कुणी दिलेलाच नसतो. मग नव्या लोकांच्या सह्या बँक मानत नाही आणि पैसे असून अडकतात. उशीर झाला असेल तर माफीचा अर्ज जोडून अहवाल देता येतो. वकील लागेल, चिकाटी त्याहून जास्त लागेल.

संस्थाचालकांवर विश्वास नाही, म्हणून काहीच द्यायचं नाही, असं तुझा मित्र म्हणतो. हे ऐकलं की माझा संयम सुटतो. विश्वास नाही ना, मग विचार. सार्वजनिक न्यासाचे हिशोब तपासले जातात आणि धर्मादाय कार्यालयात दाखल होतात. महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्याच्या कलम ९७ प्रमाणे महाविद्यालय विकास समिती असते, तिच्यावर चार स्थानिक सदस्य नेमतात आणि त्यांतला निदान एक माजी विद्यार्थी असावा लागतो. समितीची बैठक वर्षातून किमान चारदा व्हायला हवी. कॉलेजचं अंदाजपत्रक तिच्यापुढे येतं. आपल्या कॉलेजात ती जागा कुणाकडे आहे, त्या व्यक्तीने शेवटचा प्रश्न कधी विचारला, हे तुझ्या मित्राने शोधलंय का? दुरून नाक मुरडणं सोपं असतं. वर्गात बसलेल्या मुलाचं त्यात काय चुकलं, याचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

मला लोक कागदांची माणूस म्हणतात. माया असली की पावती कशाला मागायची, असंही ऐकवतात. मी मागते आणि मागत राहीन. तोंडी दिलेल्या शब्दावर एखादं मूल अवलंबून राहतं, शब्द देणारा बदली होऊन जातो, आणि त्या मुलाला कुठे जायचं ते कळत नाही. कागद असला तर त्याला निदान दाखवायला काहीतरी असतं. यात मी हट्टी आहे, आणि तूही व्हावंस असं मला मनापासून वाटतं.

पुन्हा जाशील तेव्हा परीक्षेच्या किंवा प्रवेशाच्या आठवड्यात जाऊ नकोस, तेव्हा ऑफिसला श्वास घ्यायला वेळ नसतो. सकाळी जा. त्या क्लार्कने 'काय काम आहे' विचारलं की हातातलं पत्र पुढे कर, दोन प्रतींत. तो आवक क्रमांक टाकेल. त्याचं नाव विचारून घे. ओजेटीचं पत्र वेगळं ठेव, ते थेट विभागप्रमुखांकडे, एक प्रत प्राचार्यांना. दोन्ही मसुदे आधी मला पाठव, मी बघून देते.