कॉलेजच्या तपासणीत बीपी १४२/९०: टेन्शन की वजन?

ताई, मुलगा वीस वर्षांचा, पुण्यात इंजिनिअरिंगला, उंची १७० सेंमी, वजन ८४ किलो आणि कॉलेजच्या तपासणीत बीपी १४२/९०. हे परीक्षेच्या टेन्शनमुळे की वजनामुळे, आणि जन्मभर गोळी लागणार का, असं तुम्ही विचारलंय. कॉलेजांच्या आरोग्य शिबिरांत मी परिचारिका म्हणून बरीच वर्षं बीपी मोजलंय, त्यावरून सांगते.

आधी तो आकडा खरा आहे का ते बघा. शिबिरात पोरं तीन जिने चढून येतात, रांगेत हसत-खिदळत असतात आणि खुर्चीत टेकली की लगेच पट्टा बांधला जातो. त्यात दंड जाड असला की नेहमीचा पट्टा पुरत नाही. वेलक्रो कसंबसं टोकाला चिकटतं आणि हवा भरली की चर्रकन सुटतं. अशा तोकड्या पट्ट्यात बीपी असतं त्याहून जास्त दिसतं. माझ्या बॅगेत मोठा पट्टा असायचा. तो बांधून, पाच मिनिटं गप्प बसवून पुन्हा मोजलं की काहींचं नॉर्मल यायचं. काहींचं यायचं नाही. त्यांची मला फार काळजी वाटायची, कारण घरून त्यांनाही 'टेन्शन असेल' एवढंच सांगितलेलं असायचं.

म्हणून दंडावर बांधायचं, मोठ्या पट्ट्याचं मशीन घ्या. सात दिवस, सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा मोजायला सांगा. आधी अर्धा तास चहा, कॉफी, सिगारेट काही नको. लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून बसायचं, बोलायचं नाही. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी १३५/८५ किंवा वर आली, तर बीपी खरंच वाढलेलं आहे.

आता वजन. त्याचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २९ आहे आणि आपल्या लोकांत २५ पासूनच लठ्ठपणा धरतात. पण मी काट्याआधी टेप काढते. पुरुषाची कंबर ९० सेंमीच्या आत हवी, बाईची ८०. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि ब्रिटिश डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो छापला होता. बीएमआय दोघांचा २२.३, पण चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिनांची ९.१. आपली चरबी अशी लपून बसते, आणि बहुतेक पोटात. ही पोटातली चरबी मूत्रपिंडांना मीठ-पाणी धरून ठेवायला लावते, रक्तवाहिन्या आवळणारे मज्जातंतूही चेतवते. बीपी वाढतं ते इथून.

गोळीचा निर्णय डॉक्टरांचा. या वयात ते लघवी आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम कळायची रक्ततपासणी) तपासायला सांगतील, कारण कधीकधी मूळ दुखणं किडनीचं निघतं. ते टाळू नका. वजन मात्र आजपासून हातात घ्या. किलोमागे वरचं बीपी साधारण एक अंकाने उतरतं, म्हणजे सहा-सात किलोंनीही खूप फरक पडेल. मेसमधलं लोणचं, पापड आणि रात्री एकची मॅगी आधी बंद. जिमच्या आधी तो कसली पावडर घेतो का, तेही विचारा. त्यांत बऱ्याचदा कॅफीन भरपूर असतं.

छातीत दुखलं, दम लागला किंवा बीपी १८०/१२० च्या वर गेलं, तर त्याच दिवशी दवाखाना.

आणि तो घोरतो का, हे त्याच्या रूममेटला विचारा. झोपेत श्वास अडकत असेल तर नुसतं मीठ कमी करून बीपी उतरणार नाही, तेव्हा डॉक्टरांना हेही आठवणीने सांगा.